पिकअपच्या धुराची वाट : हेडर म्हणजे काय व तो घरी कसा बसवितात

मोटारगाडीच्या इंजिनाचा विषय निघाला की आपण इंधन, हवा आणि ठिणगी या तिहींचा विचार करतो. जळून गेलेला वायू बाहेर कसा पडतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडीच्या मागे धूर दिसला नाही म्हणजे सारे ठीक, अशी आपली समजूत असते. वस्तुतः जुना वायू जितक्या सुलभतेने बाहेर जाईल, तितक्याच सुलभतेने नवा वायू आत येतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती जशी आत येणाऱ्या हवेवर अवलंबून असते, तशीच ती बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेवरही अवलंबून असते. ही वाट अधिक मोकळी करावी म्हणून अमेरिकेतील हौशी वाहनधारक आपल्या पिकअप गाडीस कंपनीने दिलेला बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्याच्या जागी स्वतंत्र नळ्यांचा 'हेडर' बसवितात, आणि हे काम पुष्कळदा स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी करतात. या कामाच्या चित्रफिती हल्ली आपल्याकडेही मोबाइलवर आवडीने पाहिल्या जातात. म्हणून हे काम मुळात काय आहे, त्यात कौशल्य कोठे लागते, धोका कोठे आहे आणि आपल्याकडील गाड्यांस व कायद्यास ते कितपत मानवते, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला एक निष्कास झडप असते (काही इंजिनांत दोन). ती उघडली की जळालेला वायू ज्या पोकळीत शिरतो ती म्हणजे मॅनिफोल्ड. चार सिलिंडरांचे चार मार्ग एकत्र करून एका नळीत सोडणे, एवढेच त्याचे काम. तो बहुधा बिडाचा ओतीव असतो. बीड स्वस्त पडते, उष्णता सोसते, आवाज दाबून धरते आणि वर्षानुवर्षे टिकते. म्हणून कारखानदारांनी बीड पत्करले यात त्यांची चूक काही नाही. मात्र ओतीव मॅनिफोल्ड आटोपशीर करावा लागत असल्याने त्याचे मार्ग आखूड, तिरकस वळणांचे आणि एकमेकांत लगेच मिसळणारे असतात. हेडरमध्ये हाच मार्ग पोलादी नळ्यांचा केलेला असतो. प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी नळी असते, आणि काही अंतर गेल्यावर चारही नळ्या एका मोठ्या नळीत मिळतात. या संगमास कलेक्टर म्हणतात. (बॉयलरच्या तंत्रातही अनेक नळ्या ज्या मोठ्या नळीस मिळतात तिला हेडर म्हणतात. आमच्यासारख्या छापखान्याशी संबंध असलेल्या माणसास हा शब्द ऐकून प्रथम पानावरील मथळा आठवतो, हा भाग निराळा.) नळ्या आखूड असल्या तर त्यास 'शॉर्टी' आणि लांब असल्या तर 'लाँग ट्यूब' असे तिकडे म्हणतात. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वेगळ्या नळ्यांची गरज का भासावी, हे समजण्यासाठी एक ठरावीक इंजिन डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. शेव्हरोले कंपनीची 'सिल्व्हराडो' ही पिकअप १९९९ च्या मॉडेलपासून बाजारात आली. तिच्यात बसविलेले ५.३ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन अमेरिकेतील रस्त्यांवर अतिशय प्रचलित आहे. त्याच्या डाव्या बाजूस १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूस २, ४, ६, ८ असे सिलिंडर असतात. ते १-८-७-२-६-५-४-३ या क्रमाने पेटतात आणि दोन स्फोटांत भुजादंडाच्या फिरण्याचे ९० अंशांचे अंतर असते. हा क्रम बारकाईने पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक वेळा स्फोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा होतो. परंतु २ नंतर लगेच ६ पेटतो, आणि हे दोन्ही उजवीकडचे आहेत. तसेच ३ नंतर फेरी पूर्ण होऊन लगेच १ पेटतो, आणि हे दोन्ही डावीकडचे, शिवाय अगदी शेजारी-शेजारी आहेत. निष्कास झडप दोनशे अंशांहून अधिक काळ उघडी राहते. म्हणजे ३ क्रमांकाचा दट्ट्या आपला वायू बाहेर ढकलीत असतानाच १ क्रमांकाचा वायू मोठ्या दाबाने त्याच बिडाच्या पोकळीत शिरतो आणि शेजाऱ्याच्या वाटेत आडवा येतो. अरुंद गल्लीत दोन वरातींनी समोरासमोर यावे तसा हा प्रकार आहे. स्वतंत्र नळ्या दिल्या की हा अडथळा बराच कमी होतो.

हेडरचे दुसरे कार्य अधिक सूक्ष्म आहे. झडप उघडताच जो दाबाचा धक्का नळीत शिरतो तो एखाद्या लाटेप्रमाणे पुढे धावतो. साध्या हवेत ध्वनीची गती सेकंदास सुमारे ३४० मीटर असते. तप्त निष्कास वायूत ती साडेपाचशे मीटरच्या आसपास जाते. ही लाट नळीच्या मोकळ्या टोकाशी, म्हणजे कलेक्टरपाशी पोचली की तेथून उलट स्वरूपात, कमी दाबाची लाट होऊन, झडपेकडे परत येते. नळी ९० सेंटिमीटर लांबीची असेल तर जाऊन-येऊन १.८ मीटर अंतर होते आणि त्यास एका सेकंदाच्या हजार भागांपैकी तीनहून थोडे अधिक भाग लागतात. इंजिन मिनिटास ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर तेवढ्या अवधीत भुजादंड सुमारे ६० अंश फिरलेला असतो. ५,००० फेऱ्यांवर तो शंभर अंशांच्या जवळपास जातो. ही कमी दाबाची लाट झडप मिटण्यापूर्वीच्या योग्य क्षणी परतली तर ती उरलेला वायू ओढून घेते आणि नव्या मिश्रणासही आत यावयास मदत करते. ती भलत्या क्षणी परतली तर काही लाभ नाही, प्रसंगी तोटाच. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नळी जितकी लांब, तितका हा मेळ इंजिनाच्या उपयोगी वेगांवर साधण्याची शक्यता अधिक. आखूड नळीत लाट फार लवकर परतते. दुसरे असे की कोणताही हेडर सर्व वेगांवर सारखाच गुणकारी असू शकत नाही. जाहिरातीत दिलेला शक्तीचा आकडा हा एका विशिष्ट वेगावरचा, आणि बहुधा सर्वांत अनुकूल असा असतो. आखूड नळ्यांच्या हेडरने मूळ स्थितीतील इंजिनास होणारा लाभ एवढा अल्प असतो की चालकास जाणवतो तो प्रामुख्याने आवाजातील फरक. तोच त्यास शक्तीतील फरक वाटतो.

असे असूनही हे काम अमेरिकेत एवढे लोकप्रिय का, असा प्रश्न साहजिकच पडतो. हौस हे एक कारण आहेच. शर्यतीच्या गाड्यांचा छंद तेथे महायुद्धानंतर फोफावला आणि असे सुटे भाग बनविणाऱ्या व्यावसायिकांनी १९६३ साली आपली संघटनाही स्थापन केली. घराला लागून गॅरेज, हाताशी अवजारे आणि कारागिराची महागडी मजुरी यांमुळे गाडीचे काम स्वतः करण्याची रीत तेथे पूर्वीपासून आहे. परंतु सिल्व्हराडोसारख्या गाडीच्या बाबतीत एक अगदी व्यावहारिक कारणही असते. या इंजिनाच्या मॅनिफोल्डचे बोल्ट, विशेषतः अगदी मागच्या टोकाचे, तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. इंजिनाचा माथा ॲल्युमिनियमचा आणि मॅनिफोल्ड बिडाचा. माथ्यास पाण्याची थंडाई असते, मॅनिफोल्ड मात्र पाचशे अंशांपर्यंत तापतो. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यापुरता हिशोब केला तर मॅनिफोल्ड दोन मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो आणि माथा पाऊण मिलिमीटर. हा जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक प्रत्येक वेळी गाडी तापताना व निवताना टोकाच्या बोल्टांना सोसावा लागतो. काही वर्षांनी त्यांची मान तुटते. मग सकाळी गाडी सुरू करताच टक्-टक् असा आवाज येऊ लागतो आणि इंजिन तापून फट मिटली की तो थांबतो. मालक मॅनिफोल्ड काढावयास बसतो, तेव्हा त्याच्या मनात विचार येतो की एवढे उघडलेच आहे तर हेडरच का बसवू नये. घरी बसविलेल्या हेडरांपैकी कित्येकांचा जन्म अशा तुटक्या बोल्टातून होतो.

काढण्याचे काम

जाणकारांना विचारल्यास ते सांगतील की या उद्योगात बसविणे हे थोडे आणि काढणे हेच फार असते. इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घेऊन, चाकांना अटकाव देऊन, जॅकने उचलल्यावर ती लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा निव्वळ अविचार होय. आदल्या रात्रीच सर्व बोल्टांवर व खालच्या नळीच्या नटांवर गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तेथील गाड्यांचे खालचे भाग गंजून एकजीव झालेले असतात. आपल्या किनारपट्टीवर खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस हेच काम न सांगता करतात.

नंतर स्पार्क प्लगच्या तारा व प्लग काढून ठेवावेत, कारण पाना निसटला की प्रथम प्लगची चिनीमातीच फुटते. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या तारा सोडवाव्यात. सेन्सरच्या टोकास तेल अथवा हात लागू देऊ नये. मॅनिफोल्डखाली जी नळी जोडलेली असते तिचे नट सोडवावेत. येथेच पहिला कस लागतो. नट हलत नसेल तर बळ वाढविण्यापेक्षा त्यास उष्णता देणे श्रेयस्कर. थोडे घट्ट, थोडे सैल, असे मागेपुढे करीत त्यास हळूहळू वश करावे.

मॅनिफोल्डचे बोल्ट दर बाजूस सहा, मिळून बारा. त्यांतील एखादा तुटणार असे गृहीत धरूनच कामास हात घालणे शहाणपणाचे. तुटलेल्या बोल्टाचे खुंट माथ्याच्या बाहेर थोडे डोकावत असेल तर मालकाचे नशीब चांगले. त्या खुंटावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड ढिली होते आणि नटास पाना लावून खुंट फिरवून काढता येते. पहिल्या प्रयत्नात नट निघून आला तर दुसरा लावावा. तीन-चार वेळा हे करावे लागले तरी निराश होऊ नये. खुंट जर माथ्याच्या पातळीत अथवा आत तुटले असेल तर मात्र खरी परीक्षा. मधोमध खूण करून, उलट्या फिरकीच्या पात्याने, कमी वेगाने भोक पाडावे लागते. उलटी फिरकी असल्याने पुष्कळदा पात्याच्या ओढीनेच खुंट बाहेर येते. भोक मध्य सोडून सरकले तर बोल्टाचे पोलाद कठीण व माथ्याचे ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे पाते मऊ बाजूस घसरते आणि आटे खराब करून टाकते. खुंटात रुतवून फिरवावयाचे एक हत्यार मिळते, त्यास एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. ते अतिशय कठीण पोलादाचे असते. ते आत तुटले तर साध्या पात्याने त्यास भोक पडत नाही आणि एका अडचणीच्या दोन अडचणी होतात. आमच्या मते येथवर प्रसंग आला की हौसेचा हट्ट सोडून लेथ-वेल्डिंगच्या जाणत्या कारागिरास बोलाविणे हेच हिताचे. बारा बोल्ट विनासायास निघाले तर सारे काम एका दिवसात उरकते, आणि एक तुटला की दुसरा दिवस त्या एकट्याचा.

बसविण्याचे काम

माथ्याचा पृष्ठभाग जुन्या गॅसकेटचे तुकडे व काजळी काढून स्वच्छ करावा. ॲल्युमिनियमवर पोलादी ब्रश जोराने चालवू नये, ओरखडे पडतात. बोल्टांच्या भोकांतील आटे साफ करून प्रत्येक भोकात नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो की नाही हे आधीच पाहून घ्यावे. हेडरची पट्टी, म्हणजे फ्लँज, सरळ पट्टीवर ठेवून वाकलेली नाही याची खात्री करावी. नळ्या जोडताना झालेल्या वेल्डिंगमुळे ती किंचित वाकू शकते, आणि स्वस्त मालात हा दोष हटकून आढळतो. चांगल्या हेडरची फ्लँज तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाड असते. अनेक पत्रे एकावर एक ठेवून केलेले मूळ पोलादी गॅसकेट हेडरसोबत मिळणाऱ्या कागदी गॅसकेटपेक्षा अधिक टिकते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. सीलबंदीसाठी वाटेल तो सिलिकॉनचा लेप वापरू नये. त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर निकामी होऊ शकतो.

प्रथम सर्व बोल्ट नुसत्या हाताने लावावेत. एकही पूर्ण आवळू नये. सगळे जागेवर आले म्हणजे मधल्या दोहोंपासून आरंभ करून आळीपाळीने टोकांकडे जावे. या इंजिनासाठी मूळ कंपनीने दोन टप्पे सांगितले आहेत : प्रथम १५ न्यूटन-मीटर, नंतर २५ न्यूटन-मीटर. फूट-पौंडांत सांगावयाचे तर ११ आणि १८. हे बळ फार नाही. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस बहुधा याच्या दीडपट-दुप्पट आवळतो आणि ॲल्युमिनियमचे आटे ओढून काढतो. म्हणून टॉर्क पाना अवश्य वापरावा. इंजिन काही वेळा तापून निवल्यावर, थंड स्थितीत, हेच बोल्ट पुन्हा तपासावेत. गॅसकेट दबते आणि बोल्ट सैल पडतात. हेडर बसविल्यानंतर महिन्याभरात पुन्हा टक्-टक् ऐकू येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते.

नळ्यांपासून प्लगच्या तारा, ब्रेकची नळी, स्टार्टरची केबल आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्या किती दूर आहेत हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. बिडाच्या मॅनिफोल्डभोवती कंपनीने पत्र्याची आडकाठी दिलेली असते; हेडरला ती सहसा नसते. नळीस टेकलेली तार तासाभरात वितळते. अशा ठिकाणी उष्णतारोधक वेष्टण घालावे. कित्येक जण संपूर्ण हेडरलाच कापडी पट्टी गुंडाळतात. ती दिसावयास रुबाबदार असते खरी, परंतु साध्या पोलादाच्या नळीवर ती ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत गंजते.

गळतीचा प्रश्न

या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असा की निष्कास मार्गातील गळती ही केवळ आवाजाची बाब नव्हे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डच्या पुढे, म्हणजे वायूच्या वाटेवर नंतर, येतो. त्यामुळे मॅनिफोल्ड अथवा हेडरच्या सांध्यातून निसटणारा वायू शुद्ध न झालेला, कच्चा असतो. पेट्रोल इंजिनाच्या अशा वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण लक्षणीय असते. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूस दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. इंजिनाच्या मागे लगेच चालकाची केबिन असते आणि मधल्या पत्र्यात तारांसाठी, पेडलांसाठी व हवेच्या पंख्यासाठी अनेक वाटा असतात. डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती येणे ही लक्षणे प्रवासाच्या थकव्याची समजून चालक दुर्लक्ष करतो आणि नेमके तेच घातक ठरते.

गळतीने इंजिनाचेही नुकसान होते. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी नळीत दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतील ऑक्सिजन मोजतो व इंधन कमी पडत असल्याचा निरोप देतो. संगणक विनाकारण इंधन वाढवितो. गाडी अधिक पिते, प्लग काळे पडतात, कन्व्हर्टर तापतो.

म्हणून काम संपल्यावर पहिली सुरुवात गाडी उघड्यावर आणूनच करावी. घराला लागून असलेल्या गॅरेजात दार उघडे ठेवून इंजिन चालविले तरी वायू घरात शिरतो. पहिल्या काही मिनिटांत नळ्यांवरील तेल व रंग जळून धूर येईल, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. गळती शोधण्याची एक सोपी युक्ती अशी : इंजिन थंड व बंद असताना धूळ ओढण्याच्या यंत्राची हवा फेकणारी बाजू मागील नळीस लावावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. जेथे बुडबुडे येतील तेथे फट आहे.

पिकअपसंबंधी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मागच्या हौद्यावर छप्पर चढवून त्यात माणसे बसविण्याची पद्धत सर्वत्र आहे. अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात १९९२ मध्ये पिकअपच्या मागील भागात बसलेल्या मुलांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाल्याच्या घटनांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यांतील बहुसंख्य मुले बंद छपराखाली बसलेली होती. गाडी धावत असताना तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि धूर मागील फटींतून आत खेचला जातो. नळी गळकी असेल अथवा सायलेन्सर हौद्याखालीच संपत असेल तर हा धोका वाढतो.

कायद्याची बाजू

अमेरिकेत हे काम घरी करता येते म्हणून ते तेथे मनमानीने करता येते, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ पासून तेथील मोटारगाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागले. त्या वेळी गाडी व भार मिळून सहा हजार पौंडांवरील वजनाच्या ट्रकांस यातून सूट होती. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध एफ-१५० ही पिकअप त्याच १९७५ च्या मॉडेलवर्षात, नेमकी या मर्यादेच्या वर बसेल अशा बेताने निघाली. कायदा कारखानदारांना कसा घडवितो आणि कारखानदार कायद्यातील वाट कशी शोधतात, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल. पुढे ती सूट उरली नाही. धूरनियंत्रक साधने निकामी करण्यास असलेली बंदी आरंभी उत्पादक व विक्रेते यांच्यापुरती होती. १९९० च्या दुरुस्तीने ती कोणत्याही व्यक्तीस, म्हणजे घरी पाना चालविणाऱ्या मालकासही, लागू झाली. कॅलिफोर्नियात तर हेडर रस्त्यावरील गाडीस वापरावयाचा असल्यास त्या राज्याच्या वायु-संसाधन मंडळाचा आदेश क्रमांक त्यास मिळालेला असावा लागतो. आखूड नळ्यांच्या अनेक हेडरांना असा क्रमांक असतो, कारण कन्व्हर्टर आपल्या जागी राहतो. लांब नळ्यांसाठी कन्व्हर्टर मागे सरकवावा अथवा काढावा लागतो, आणि म्हणून त्यांतील बहुतेक केवळ शर्यतीच्या वापरासाठी विकले जातात. म्हणजे ज्यात तांत्रिक लाभ अधिक तोच प्रकार रस्त्यासाठी निषिद्ध, अशी ही विचित्र स्थिती आहे. चित्रफितीत ती क्वचितच सांगितली जाते.

आपल्याकडील कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न होईल असा फेरफार वाहनधारकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात हाच अर्थ निःसंदिग्धपणे मांडला गेला. इंधनप्रकार बदलण्यासारख्या काही गोष्टींस विहित मान्यतेने परवानगी आहे, ती वेगळी. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आवाज व धूर यांची मानके मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवाना अपात्र होण्याची तरतूद आहे. प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० मध्ये सांगितले आहे.

कायदा बाजूस ठेवला तरी आपल्याकडील पिकअपमध्ये हेडरला बहुधा जागाच नसते, हे अनेकांस माहीत नसते. बोलेरो पिकअप, टाटा योधा, इसुझू डी-मॅक्स किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या गाड्यांतील इंजिने टर्बोचार्जर असलेली डिझेल इंजिने आहेत. टर्बोमध्ये निष्कास वायूच्याच जोराने एक चक्र फिरते आणि ते आत जाणारी हवा दाबते. हे चक्र मॅनिफोल्डलाच जोडलेले असते. वायू त्याच्यापर्यंत गरम व वेगवान पोचावा म्हणून मॅनिफोल्ड मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. तेथे लांब नळ्या बसविल्या तर वायू वाटेतच निवतो आणि टर्बो आळसावतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार त्यापुढे काजळी अडविणारी गाळणी व इतर साधने असतात, आणि त्यांच्या दाबाचे व तापमानाचे मोजमाप संगणक सतत करीत असतो. मध्येच काही बदलले की इशाऱ्याचा दिवा लागतो व इंजिन स्वतःची शक्ती कमी करून घेते. लहान पेट्रोल मालवाहू गाड्यांत तर कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डलाच जोडून येतो. तेथे 'हेडर' बसविणे याचा सरळ अर्थ कन्व्हर्टर फेकून देणे असा होतो.

तथापि मॅनिफोल्डचा बोल्ट तुटणे, गॅसकेट जळणे, सांध्यास भेग पडणे या गोष्टी आपल्याकडील गाड्यांतही होतात, आणि वर वर्णिलेली काढण्या-बसविण्याची रीत तेथे जशीच्या तशी उपयोगी पडते. डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असला तरी गळता धूर केबिनमध्ये घेणे कोणत्याही इंधनाचा असला तरी अपायकारकच. थंड इंजिन सुरू करताना होणारी टक्-टक्, माथा व मॅनिफोल्ड यांच्या सांध्यावर उमटलेली काजळीची काळी रेघ, चढणीवर केबिनमध्ये येणारा धुराचा वास : यांतील एकही खूण आढळल्यास गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. तुटलेल्या एका बोल्टाच्या जागी एक नवा लावून न थांबता त्या बाजूचे सर्व बोल्ट व गॅसकेट बदलून घ्यावे, कारण एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांनी कधीच उचललेला असतो. प्रदूषण तपासणी केंद्रावर नळी गाडीच्या मागील टोकास लावतात आणि तेथून येणारा धूरच मोजतात. मॅनिफोल्डपाशी निसटलेला वायू तेथवर पोचतच नाही. त्यामुळे तपासणीचे प्रमाणपत्र वैध असले तरी कारागिराकडून बॉनेट उघडून हा सांधा वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यानंतर, स्वतंत्रपणे पाहून घ्यावा.